पऱ्हाटीपासून 'बॅटरी' : गावाले आता काय सांगू?

घाटंजीचा_पोरगा
राम राम मंडळी. लय दिवसांनी लिहून राह्यलो, अन् अडचणीत हाये म्हणून जरा मोठं लिहितो, पूर्ण वाचजा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातला. घरी सात एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. एमएस्सी केमिस्ट्री झाल्यावर नागपूरले पीएचडीले लागलो, हे चौथं वर्ष. काम असं हाये की पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाच्या, काड्यायपासून नॅनो छिद्रं असलेला कार्बन बनवाचा अन् तो सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडले, म्हणजे वीज जिच्यातून आत-बाहेर जाते त्या पट्टीले, वापराचा. मागच्या महिन्यात एका पेपरवाल्याचा फोन आला, दहा मिनिटं बोललो, अन् दुसऱ्या दिवशी छापून आलं की शेतकऱ्याच्या पोरानं पऱ्हाटीपासून बॅटरी बनवली, आता पऱ्हाटीले सोन्याचा भाव. मी बॅटरी म्हटलंच नव्हतं, भावाचा तर विषयच नव्हता.

संक्रांतीले घरी गेलो तं बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग. आमच्या शेजारचे काका दरवर्षी पऱ्हाटी उपटाले येणाऱ्या बायाइले सरपण म्हणून नेऊ देतात, यंदा एक काडी नेऊ दिली नाही. मले विचारतात, बापू, कंपनीची गाडी कधी येणार. चार वर्षात माझ्या पूर्ण संशोधनाले पऱ्हाटी लागली दीड पोतं. एका इलेक्ट्रोडवर दोन-तीन मिलिग्रॅम भुकटी लागते, हे त्याइले कसं सांगू? बाबा काही बोलत नाहीत, पण रात्री जेवताना म्हणाले, तुझं पीक कागदावरच येते का रे.

माझे दोन प्रश्न हायेत. गावाले खरं कसं सांगू? अन् या कामाचा गावाले खरंच काही उपयोग हाये का?

बैलबंडी
आमच्या मामानं पण ठेवला हाये ढीग, पांढरकवड्याकडं. म्हणजे बातमीनं तालुका ओलांडला भाऊ.

मास्तर_आर्वी
आधी मला समजू द्या, मग गावाचं बघू. नॅनो म्हणजे नेमकं किती बारीक? सुपरकपॅसिटर आणि बॅटरीत फरक काय? सातवीच्या पोराला सांगता तसं सांगा, मी रोज सातवीलाच शिकवतो.

घाटंजीचा_पोरगा
सर, प्रयत्न करतो. कापसाचा एक तंतू साधारण १५ मायक्रॉन जाड असते, म्हणजे १५,००० नॅनोमीटर. माझ्या कार्बनमधली छिद्रं एक-दोन नॅनोमीटरची. तंतूच्या जाडीत अशी हजारो छिद्रं शेजारी शेजारी मावतील.

ती पाडतो कशी तं काड्या धुवून, वाळवून, दळून घेतो. मग नायट्रोजनमधे तापवतो, हवा लागू देत नाही, नाहीतर नुसती राख होईन. जो कोळसा निघते त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून पुन्हा ७००-८०० अंशावर भट्टीत. ते कोळशाले आतून कुरतडते. मग ॲसिडनं अन् पाण्यानं धुवत बसाचं, पाणी न्यूट्रल होईपर्यंत. किलोभर काड्यायतून शेवटी शंभर ग्रॅमच्या आसपास काळी भुकटी हातात येते. एक ग्रॅमचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग मोजला तं २,००० चौरस मीटरच्या घरात जाते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे सर, दोन ग्रॅम भुकटीत एक एकर वावर घडी करून ठेवलं हाये.

आता फरक. बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे वीजभार असलेले कण, इलेक्ट्रोडच्या आत शिरतात, मुक्कामी आलेल्या पाहुण्यासारखे. सामान आत, अंथरूण आत, म्हणून मावते लय पण यायला-जायला वेळ लागते अन् दरवेळी घराची थोडी मोडतोड होते. सुपरकपॅसिटरमधे आयन आत शिरतच नाहीत, पृष्ठभागावर टेकतात अन् उठतात, ओसरीवर बसून पाणी पिऊन जाणाऱ्या माणसासारखे. म्हणून काही सेकंदात भरते, काही सेकंदात रिकामं होते, अन् लाखो वेळा केलं तरी फारसं झिजत नाही. पण ओसरीवर बसून बसून किती बसतील? म्हणूनच तं ओसरी एकराची करावी लागते.

मास्तर_आर्वी
समजलं. एकराचं उदाहरण मी उद्याच वर्गात वापरतो, चोरी समजू नका.

वायरमन_भाऊ
मी पंप अन् झटका मशीनी दुरुस्त करतो, कळंबले. ज्याच्या वावरात रानडुकरासाठी झटका हाये त्याच्या घरी कपॅसिटर आधीच हाये. १२ व्होल्टची बॅटरी मशीनमधल्या कपॅसिटरले भरते, अन् सेकंद-सव्वा सेकंदाले तो एका दमात रिकामा होते, ट्रान्सफॉर्मरमधून तारेत. ठोका मोठा पण क्षणाचा, म्हणून जनावर दचकून पळते, मरत नाही. काही लोक अजून थेट लाईनचा करंट तारेत सोडतात, त्यानं डुकरंच नाही, माणसंही गेली अन् वाघही गेले. झटका मशीनमधे तो डबा कायले असते हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाले खोलून दाखवतो.

आता माझा प्रश्न. फवारणी पंपाच्या बॅटऱ्या दोन हंगामात बसतात. तुमचं सुपरकपॅसिटर लाखो वेळा चालते म्हणता, मग तेच टाकू का पंपात?

घाटंजीचा_पोरगा
भाऊ, हिशेबच मांडतो. पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे ९६ वॅट-अवर. शिशाची हाये तरी वजन तीन किलोच्या आत. बाजारातलं सुपरकपॅसिटर किलोमागे पाच-सहा वॅट-अवर साठवते. म्हणजे तेवढ्याच फवारणीले १६ किलोच्या वर सुपरकपॅसिटर, अन् टाकीत १६ लिटर औषध वेगळंच. पाठीवर कोण घेईन? लिथियम-आयन किलोमागे १५०-२५० देते.

जिथं थोडी वीज झटक्यात द्याची-घ्याची असते तिथं हे चालते. ब्रेक मारला की जी ऊर्जा वाया जाते ती पकडून ठेवाले, पवनचक्कीचं पातं वादळात फिरवाले. शांघायमधे २००६ पासून थांब्यावर उभी राहून चार्ज होणारी बस चालवली, तिच्यात हेच होतं. पण मोटार रातभर चालवाचं काम याचं नाही.

बैलबंडी
मोटार रातभर चालवाले लाईन तं पाह्यजे आधी.

स्पष्टवक्ता_वणी
मी कटू बोलतो, पण मनापासून बोलतो. आमच्या भागातून कोळसा जातो, चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र उभं आहे, आणि फुफ्फुसात धूळ आमच्या. कापूस आमचा, सूतगिरण्या आणि कपडा दुसरीकडे. उद्या पऱ्हाटीतून खरंच काही निघालं तरी भट्टी लागेल दुसऱ्या राज्यात आणि आपण ट्रॉलीचं भाडं मोजत बसू. तुमच्या संशोधनात कच्चा माल 'स्वस्त आणि मुबलक' असं पहिल्याच ओळीत लिहिता ना? स्वस्त कोणासाठी? तो स्वस्त आहे म्हणजे माझ्या बापाला त्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून. चार वर्षं सरकारी फेलोशिपवर अभ्यास करून 'मुबलक' लिहिणं मला पटत नाही.

घाटंजीचा_पोरगा
ती ओळ मी खरंच लिहिली हाये. माझ्या तिन्ही संशोधन-पेपरात. तुमचं वाचून उठून चक्कर मारून आलो. याच्यावर मले उत्तर नाही सुचत आत्ता.

रातराणी
स्पष्टवक्ता, तुम्ही मालकाचा हिशेब मांडला, मी दुसरा मांडते. राळेगावकडं माझी आई अजून पऱ्हाटीवरच सैपाक करते. सिलेंडर आहे, पण तो पाहुणे आले की पेटतो. ज्यांच्याकडं वावर नाही त्या बाया पऱ्हाटी उपटतात आणि मजुरीसोबत बिंडे घेऊन जातात, तेच त्यांचं पावसाळ्यापर्यंतचं सरपण. यंदा ढीग अडवून ठेवले म्हणजे कुणाची तरी चूल अडली. मूळ लेखात ते एका ओळीत येऊन गेलं म्हणून परत सांगते. कच्चा माल म्हणता ना, त्याला आधीच मालकीण आहे. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही एवढंच.

आणि त्या धुरानं आईचे डोळे गेले तेही मी पाहते, म्हणून पऱ्हाटी जाळत राहा असं माझं म्हणणं नाही. पण आधी तिला दुसरं काही द्या, मग काडी न्या.

वायरमन_भाऊ
ताई, बरोबर बोलल्या.

सोडियम_अकोला
उशिरा आलो. मी पण याच क्षेत्रातला, मूळ अकोट तालुक्याचा, सध्या पुण्यात. दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली स्पष्टवक्ता यांना. कागदावरचं पीक घरात यायला वेळ लागतो पण येतं. आज ई-रिक्षात, सोलरच्या बॅटऱ्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या दिसतात, त्या पदार्थाचा पेपर १९९७ चा, अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाचा, आणि त्यावर पहिलं नाव अक्षय पाधी या भारतीय वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाचं. पदार्थ स्वस्त, सुरक्षित, पण वीज वाहून नेण्यात अगदी मठ्ठ, म्हणून सुरुवातीला फार कोणी जवळ करेना. मग त्याचे दाणे नॅनो आकाराचे केले, वरून कार्बनचा पातळ लेप दिला, आणि गाडी चालू झाली. हे लेप देणं, दाणे बारीक करणं म्हणजेच आमचं रोजचं काम. गुडइनफना २०१९ मधे व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

दुसरी घाटंजीच्या पोराला, आणि ही जरा भांडणाची आहे. मित्रा, एवढा मोठा पृष्ठभाग करण्याच्या मागे तू आणि निम्मं जग लागलंय, पण सुपरकपॅसिटरचा बाजार नारळाच्या करवंटीनं आधीच धरलेला आहे. करवंटी टणक, घट्ट, राख कमी, वर्षभर एकसारखी मिळते. पऱ्हाटी हलकी, राख जास्त, काळ्या जमिनीतली वेगळी आणि मुरमाडातली वेगळी. तू सोडियम-आयन बॅटरीकडे का बघत नाहीस? सोडियमचा आयन मोठा, ग्रॅफाइटमधे नीट बसत नाही, त्याला हार्ड कार्बन, म्हणजे ग्रॅफाइटसारखे नीट थर नसलेला कार्बन, लागतो आणि तो लाकूड-काड्यांपासून चांगला होतो. तिथं छिद्रं कोरायची नाहीत, १,२०० ते १,४०० अंशावर तापवायचं. तुझं ते एक एकर तिथं उलट नुकसान करतं, कारण मोठ्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतलं द्रव, तुटत बसतं आणि पहिल्याच चार्जिंगला सोडियम वाया जातं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड नको, म्हणजे धुण्याचं पाणीही फार कमी.

घाटंजीचा_पोरगा
दादा, हार्ड कार्बनचा विचार मी दुसऱ्या वर्षाले केला होता पण आमच्याकडची भट्टी १,००० च्या वर जात नाही. अन् राखेचं म्हणता ते खरं हाये, आमच्याच वावरातल्या अन् आर्णीकडून आणलेल्या काड्यायचे आकडे जुळत नव्हते, सहा महिने मी माझ्याच हाताले दोष देत होतो. तिसऱ्या पेपरात ती तफावत लिहिली तं रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा, म्हणाला एकाच ठिकाणचा नमुना घ्या. पण मले वाटते तफावत हीच खरी गोष्ट हाये. पऱ्हाटी विकत घेणारा माणूस एकाच वावरातून थोडीच घेणार हाये.

सोडियम_अकोला
ती तफावत अजिबात काढू नकोस. नमुने पाठव, १,३०० अंशाची भट्टी इथं मिळेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

धानपट्टा_गोंदिया
का गा, तुम्ही सगळे कापूसवाले. आमच्या तुसाचं पण बोला. गोंदियात राईस मिलमागे तुसाचे डोंगर हायेत, अन् तूस जाळलं की जी राख राहते तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. सिलिकापासून सिलिकॉन निघते, अन् बॅटरीत ग्रॅफाइट ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-अवर वीजभार घेते तं सिलिकॉन त्याच्या दहापट. मी बी.एस्सी. ला सेमिनार दिला होता यावर.

सोडियम_अकोला
बरोबर, पण सिलिकॉन लिथियम पिऊन तिप्पट-चौपट फुगतं आणि फुटतं. नॅनो आकाराचे कण कमी फुटतात म्हणून तिथंही नॅनोच. तुसातला सिलिका मुळातच बारीक आणि सच्छिद्र असतो, म्हणून लोक त्याच्या मागे आहेत.

तुमसरकर
मग आमचं मँगनीज राह्यलं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचा माल निघतो, ड्राय सेलला जातो, अन् तिथंच मॉयल या सरकारी मँगनीज कंपनीचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनवायचा कारखाना आहे. आमच्या आजोबांनी खाणीत काम केलं. रेडिओच्या सेलमधली काळी भुकटी आपल्या गावची असं ते सांगायचे, आम्हाला गोष्ट वाटायची. स्पष्टवक्ता म्हणतात की प्रक्रिया नेहमी बाहेरच होते. इथं तरी एक पायरी गावाजवळच झाली ना.

घाटंजीचा_पोरगा
तुमसरकर भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. मँगनीज डायऑक्साइड सुपरकपॅसिटरसाठी पण लय चांगलं, ग्रॅममागे सैद्धांतिक १,३७० फॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप). पण वीज नीट वाहत नाही, म्हणून कार्बनवर त्याचा पातळ थर बसवतात. आमच्या लॅबमधे मागच्या टेबलवरची ताई तेच करते. ती बाटलीतलं केमिकल वापरते अन् मी यवतमाळची काडी. दोन्ही वस्तू आपल्याच भागातल्या एकत्र करून पाहाव्या, हे चार वर्षात आमच्या डोक्यात नाही आलं.

स्पष्टवक्ता_वणी
तुमसरकर, मुद्दा मान्य. हे मला ठाऊक नव्हतं. एक पायरी तरी जवळ झाली पाहिजे, एवढंच माझंही म्हणणं.

निवृत्त_कृषीसहायक
इतका वेळ वाचत होतो. विज्ञान छान चाललं आहे पण मला पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यानं झोप येईना. 'बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग.'

बाळांनो, २०१७ चा हंगाम विसरलात का? गुलाबी बोंडअळीनं अर्धी बोंडं आतून किडलेली, वेचणीवाल्या बाया परत जात होत्या. ही अळी हंगाम संपला की मरत नाही. उरलेल्या किडक्या बोंडांत, पऱ्हाटीत, पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या पिकाला पात्या, म्हणजे फुलकळ्या, लागल्या की पतंग होऊन येते. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलो की डिसेंबरपर्यंत वावर मोकळं करा, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून उशिराचा कापूस, घेऊ नका, पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका. श्रेडर मिळाला तर बारीक करून जमिनीत किंवा कंपोस्टात घाला, पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या, कारखान्याला जात असेल तर लवकर जाऊ द्या. आणि रातराणीताई म्हणतात तसं बाया सरपणाला नेतात, त्यानंही वावरातला साठा हलतोच, फक्त गोठ्याजवळ जून-जुलैपर्यंत पडून राहू नये.

त्या बातमीनं भाव मिळेल न मिळेल, पण हे ढीग असेच राहिले तर जुलैत तुमच्या काकांच्या वावरात अळी नक्की येईल. पेपरवाला बातमी सुधारेल याची वाट बघू नका. घरी जा.

घाटंजीचा_पोरगा
काका, हे मले सुचलंच नव्हतं. कापसाच्या घरातला असून. शनिवारी निघतो.

बैलबंडी
मामाले फोन केला. म्हणते आधी कंपनीचं पक्कं सांग. सांगितलं, कंपनी नाही, अळी हाये. उद्या हलवतो म्हणला.

रातराणी
घाटंजी, जाताना एक कर. सभा घेशील तर बायांना बोलव. पुरुषांना सांगितलेलं चुलीपर्यंत पोचत नाही.

घाटंजीचा_पोरगा
मंडळी, जाऊन आलो. जसं झालं तसं सांगतो.

रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर बोललो. पंचवीस-तीस लोक, त्यात बाया आठ-दहा, आईनं घरोघरी जाऊन आणल्या. भुकटीची कुपी नेली होती, सोबत तागडी. पह्यले सरळ सांगितलं की बातमी चुकीची हाये, पऱ्हाटीले कोणी गाडी घेऊन येणार नाही, मी बॅटरी बनवली नाही, मी बॅटरीच्या एका भागाच्या जवळ जाणारी भुकटी बनवली. माणसं गप्प झाली. मग दीड पोत्याचं सांगितलं. मग अळीचं सांगितलं, तेव्हा मात्र गडबड सुरू झाली, कारण ते सगळ्याइनं भोगलं हाये. शेजारचे काका काही न बोलता उठून गेले, मले वाटलं रागावले. दुपारी त्याइचा ढीग दोन बायांच्या डोक्यावरून गावाकडं येताना दिसला.

एका म्हाताऱ्या आजीनं कुपी हातात घेतली, हलवून पाह्यली अन् विचारलं, इतक्याशा काजळीत एक एकर, मंग त्याच्यात पेरणी कधी करतं? मी म्हटलं आजी, त्याच्यात वीज पेरतो. ते तिले पटलं.

बाबा मागं उभे होते. घरी आल्यावर त्याइनं आपल्या वावराच्या वरच्या पट्टीतली अन् खालच्या चोपणीतली पऱ्हाटी वेगळी बांधून ठेवली, चिठ्ठ्या लावून, राखेची तफावत मोज म्हणून. खालच्या पट्टीत पाणी धरते म्हणून तिथली काडी जाड येते, हे त्याइनंच सांगितलं. चौथ्या पेपरात हे जाणार, अन् 'मुबलक' शब्द काढला हाये. त्याऐवजी लिहिलं की ही काडी आज सरपण म्हणून वापरात हाये अन् तिचा पर्याय मोजल्याशिवाय तिले टाकाऊ म्हणता येत नाही. गाईडनं भुवई उंचावली पण काढलं नाही.

पेपरवाल्याले दुरुस्ती छापाले मेल केला हाये. छापली की सांगतो.

स्पष्टवक्ता_वणी
ते वाक्य वाचलं. शाब्बास.

सोडियम_अकोला
वरची पट्टी, खालची पट्टी, दोन्हीचे अर्धा अर्धा किलो पाठव. पोत्यात भरण्याआधी वाळव.

मास्तर_आर्वी
२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. आमच्या शाळेत याल का? पोरांना कुपी दाखवा. एस.टी. आर्वीपर्यंत येते, पुढं मी गाडी घेऊन उभा राहतो.

घाटंजीचा_पोरगा
येतो सर. भुकटी बरोब्बर दोन ग्रॅम आणतो, तुम्ही पोरांकडून शाळेमागचं एक एकर दोरीनं मोजून ठेवा.